नेत्रचषक

थेंब घालून वीस मिनिटं झाली.
शलाकाच्या बाहुल्या आता सताड उघड्या,
विहिरीवरची फळी कोणी काढून ठेवावी तशा.
मेडिकलच्या नेत्रविभागाबाहेरचा बाक,
खिडकीतला कूलर, वाळ्याचा शिळा वास.
शेजारची बाई विचारते, "पोरीले काय झालं वं?"
मी म्हणते, तपासणी.

आत अंधार. डॉक्टर सोमकुंवर
कपाळावरच्या दिव्यानं तिच्या डोळ्यात उतरतात
आणि बराच वेळ वर येत नाहीत.
मग कागदावर एक गोल काढतात,
त्याच्या आत दुसरा, फार लहान.
"ही डोळ्याची नस. एवढी हवी होती, एवढी आहे.
रक्तवाहिन्याही नागमोडी. पापण्यांमधली फट आखूड."
पाच वर्षं आम्ही म्हणत आलो, डोळे आत्यावर गेलेत.
आत्यानंच तर नाव ठेवलं :
काजळ घालायची काडी.

"गरोदरपणात काही गोळ्या? ताप? दारू?"
शेवटचा शब्द त्यांनी
बाकीच्या शब्दांइतक्याच आवाजात उच्चारला.
हेमराज हसला. "साहेब, ही हिंगणघाटची. दारूबंदीतली."
मी म्हणाले, नाही.

ते लिहून घेतात.
पोरीला चष्म्याच्या रिकाम्या फ्रेमशी खेळू देत
सांगत राहतात, डोळा कसा होतो ते.
चौथ्या आठवड्यात मेंदूतून दोन फुगे बाहेर येतात,
पुढून आत दबत जातात, पेल्यासारखे.
"पुस्तकात त्याला नेत्रचषक म्हणतात."

चषक.
आमच्या शाळेत तो कबड्डीत मिळायचा.
दुसरा अर्थ शब्दकोशात होता,
जिल्ह्यात त्याला बंदी होती.

चौथा आठवडा म्हणजे फेब्रुवारीचा शेवट.
मार्च एंडिंगचे दिवस,
धरमपेठ शाखेतून सगळ्यात शेवटी निघणाऱ्या
मी आणि रेश्मा तिवसकर.
तिच्या गच्चीवर जिन, वर लिंबू,
समोरच्या गच्चीला पाणी वाटावं म्हणून
स्टीलच्या पेल्यात.
हेमराज तेव्हा भिलाईला.
जन्मात पहिल्यांदा कोणी विचारत नव्हतं,
किती वाजता येशील.
शनिवार. मग बुधवारही.
मग वार बघणं सुटलं.
पाळी चुकली, तेही मी टार्गेटवर ढकललं.
माझ्या आत कोणीतरी पेला घडवत होतं
आणि मी पेला भरत होते.

मला माहीत नव्हतं.
हे खरं आहे, आणि पुरत नाही.
कळल्यावर थांबवलं.
एकदा सोडून. रेश्माच्या बदलीची पार्टी.

हेमराज गाडी काढायला गेला
तशी मी फिरले, दार ढकललं.
यंत्रावर हनुवटी टेकून एक म्हातारा बसलेला.
"सर, ते नाही लिहिलंय ना. ते हो करा."
त्यांनी पेनाचं टोपण काढलं.
किती? कधी?
मी बोटांवर आठवडे मोजले.
"याच्यामुळंच, असं छातीठोक नाही सांगता येणार,"
ते म्हणाले, "पण लिहिलेलं बरं.
हृदय बघू, कान बघू.
उद्या शाळेत अडली
तर ढ म्हणून मागच्या बाकावर नको बसायला."
म्हातारा हनुवटी न उचलता सगळं ऐकत होता.

बाहेर मे महिन्याची दुपार.
थेंबांचा असर उतरायला संध्याकाळ होईल.
शलाका दोघांच्या मधे, तोंड माझ्या ओढणीत.
"खूप पांढरं पांढरं आहे," म्हणाली.
सिग्नलला मान वळवून तिनं चेहरा वर आणला,
नाकाला नाक लागेपर्यंत.
काही नीट पाहायचं असलं की ती असंच करते.
इतकी जवळ की माझा श्वास तिला कळावा.
मला वाटायचं, लाडात येते.

"आई, हे रडू आहे की घाम?"

हेमराजनं आरशातून पाहिलं.
घरी गेल्यावर सांगते, मी म्हटलं,
दोघांनाही ऐकू जाईल
एवढ्या आवाजात.